मिरुबोंगची सावड

मिरुबोंग, ९ ऑक्टोबर २०२४

बाबा,

पाया पडते आणि लगेच उठून लिहायला बसते, कारण आज हेलिकॉप्टर येणार असा निरोप चौकीवरच्या जवानांनी पाठवलाय. ते आलं की हे पत्र त्यातून खाली जाईल. फोनची वाट बघू नका. इथं फोनचा उपयोग फक्त घड्याळ म्हणून होतो.

बाबा, तुम्ही हे जंगल बघायला हवं होतं! आपला माहुलीचा डोंगर मला केवढा दाट वाटायचा. इथं भरदुपारी घरात दिवा लावावा लागतो, एवढी झाडी. घरं खांबांवर उभी आहेत, खाली डुकरं आणि वर माणसं. नदीवर वेताचा झुलता पूल आहे. पहिल्या दिवशी मी त्यावरून रांगत गेले, तर पलीकडे सगळा गाव टाळ्या वाजवत उभा! आता पाठीवर ओझं घेऊन जाते. जळवा मोजायचं सोडून दिलंय. मीठ, साखर, औषधं, सगळं माणसांच्या पाठीवरून येतं, कित्येक दिवसांची वाट तुडवत. म्हणून शेजारणीकडे चिमूटभर मीठ मागायलाही संकोच वाटतो. ईशान्येचं हे अगदी शेवटचं टोक, समोरच्या डोंगराच्या पाठीमागे दुसरा देश. लोक चेष्टेने म्हणतात, आमच्या कोंबड्या परदेशात चरतात आणि अंडी भारतात घालतात.

गावच्या प्रमुखाला गावबुढा म्हणतात, आपल्याकडच्या पोलीस पाटलासारखा. त्याची बायको यामे मला लेकीसारखी वागवते. आम्ही हिंदीत बोलतो. त्यांची हिंदी वाकडी आणि माझीही वाकडी, त्यामुळे छान जमतं.

घरघर ऐकू येतेय! पळते.

तुमची राही

*

डोळखांब, ३ नोव्हेंबर २०२४

राही,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्रात लिहायचे.

तुझं पत्र किशोरने आणलं. तुझा हा चुलतभाऊ आता हायवेच्या गोदामावर कामाला जातो, येताना पोस्टात डोकावतो. मला म्हणतो, "काका, वाचून दावू काय?" मी म्हटलं, "सातवी पास हाय रे मी. तू भाकर खा गप."

पत्र झकास आहे. जळवा आल्या, पूल आला, परदेशी कोंबड्या आल्या. भात कुठे आहे? संस्थेने तुला तिकडे पाठवलं ते सपाटीवर पाण्यातला भात करून दाखवायला. आणि ऐन कापणीच्या दिवसांत माझी पोर एवढं लांबलचक पत्र लिहिते, त्यात भाताचा दाणा नाही. शेतकरी भाताबद्दल गप्प बसला की समजावं, भात गेला. बाप आहे मी तुझा, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

गेला तर गेला. तू ये घरी. तुझी आई गेल्यापासून या घरात मी आणि मांजर, आणि ते मांजरही आता किशोरकडे जेवतं. शेतीची काळजी करू नको, आपली सगळी खाचरं पिकली. फक्त जेवताना बोलायला कोणी नसतं.

बारकू

*

मिरुबोंग, १ डिसेंबर २०२४

बाबा,

तुम्हाला सीमेवरच्या चौकीत बसवायला हवं. मुंगीसुद्धा तुमची नजर चुकवून जाणार नाही.

हो, भात गेला. रोपांच्या आधी गवत वर आलं. मी उपटत राहिले आणि ते उगवत राहिलं, शेवटी रोपं पिवळी पडून बसली. ती जागा गावबुढ्याची. त्याच्या मिथुनांची, म्हणजे इथली गव्यासारखी जनावरं असतात ना, त्यांची चरायची एवढीच सपाटी. ती त्याने माझ्या शब्दावर दिली. भात गेला तेव्हा तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

इथले लोक डोंगरउतारावर जंगल तोडून, जाळून पेरतात. त्याला झूम म्हणतात. पण हल्ली उतार पहिल्यासारखा देत नाही. धान्य लवकर संपतं आणि घरं एकेक करून खाली शहराकडे निघतात. नदीकाठच्या सपाटीवर भात आला तर हे गाव इथं टिकेल. म्हणून माझा जीव त्यात अडकलाय.

संस्थेने कळवलंय, पुढच्या दिवाळीपर्यंत भात उभा राहिला तर इथलं केंद्र चालू राहील. नाहीतर बंद, आणि मी घरी. तुम्हाला हवं तेच होईल म्हणा! पण बाबा, मला हरून यायचं नाही.

कॉलेजात राब जाळायला नावं ठेवायचे, मीही मान डोलवायची. पण आपल्या राबातल्या रोपांत गवत बघितल्याचं मला आठवत नाही. मला राब सांगा. अगदी पहिल्यापासून सांगा, मी कधी हात लावला नाही असं समजून.

राही

*

डोळखांब, २० जानेवारी २०२५

राही,

तुझं पत्र खिशात घालून म्हशाच्या जत्रेला गेलो. बैल बघत उभा होतो, पण डोळ्यांपुढे बैल नव्हते. मनात आलं, हिला उलटंसुलटं लिहावं. राब फसेल, भात जाईल आणि पोर दिवाळीला दारात उभी राहील. पाप आलं खरं मनात. मुरबाडच्या एष्टीत बसलो आणि ते निघून गेलं. माणसाशी खोटं बोललो असतो, भाताशी बोलवत नाही.

तर नीट वाच. उंचवट्याची जागा घे, पाणी साचणार नाही अशी. तिथे पहिला थर शेणाचा. त्यावर तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, मग गवत. सगळ्यावर बारीक माती पसर, म्हणजे राख उडून जात नाही. पहाटे पेटव, वारा पडलेला असताना. वारा ज्या टोकाकडे जातो त्या टोकाने पेटव, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर सावकाश सरकते. राब भडकला तर वाया गेला. तो धुमसला पाहिजे. माझे आजोबा म्हणायचे, जेवढा धूर जास्त तेवढी जमीन चांगली भाजते. त्या आगीत गवताचं बी मरतं. मग पाऊस पडला की भात पेर, रोप हिरवंगार येतं की नाही बघ.

लिहिलं. आता तुझा भात आला तर तू येणार नाहीस, हे मला कळतं. तरी भात येऊ दे.

बारकू

*

मिरुबोंग, २५ मार्च २०२५

बाबा! बाबा! बाबा!

राब पेटवला आणि सगळा मुलूख धावत आला! घाबरू नका, काही जळलं नाही, कोणाला लागलं नाही. पण मी जे करून ठेवलंय ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. मिथुनांचं शेण जंगलात हिंडून गोळा केलं. यामे हसून हसून बेजार, तिच्या मते शहाणी माणसं शेणापासून लांब पळतात. फांद्या तोडल्या, थर लावले. त्या दिवशी सगळा गाव वरच्या उतारावर झूमच्या कामाला गेला होता. पहाटे मी एकटीने राब पेटवला. इथली झाडी कायम ओलसर, वाळवलेला पालाही दमट. तुमच्या आजोबांचा आत्मा शांत होईल एवढा धूर झाला! पांढराफेक आणि सरळ आभाळात. मी बाजूला उभी राहून नाचत होते.

आता ऐका. हेलिकॉप्टर यायचं असतं त्या दिवशी नदीकाठी, ते उतरतं त्या मैदानावर ओला पाला जाळतात. वारा कुठला आहे ते पायलटला कळावं म्हणून, एवढंच मला माहीत होतं. पण दरीपलीकडच्या गावांना निरोप द्यायला दुसरं साधन नाही, ती गावं हाच धूर बघून निघतात! झूमचा धूर असतो उतारावर, काळपट आणि पसरलेला. नदीकाठच्या सपाटीवर पांढरा धूर उभा राहिला की त्याचा अर्थ एकच, हेलिकॉप्टर येतंय, पळा!

आणि लोक पळाले हो बाबा! आधी चौकीवरचे जवान धापा टाकत आले. "मॅडम, आम्हाला कसं कळवलं नाही?" मला काही कळेना. मग पुलावर माणसं दिसायला लागली. आल्याची पोती घेतलेले बाप्ये, सासरी निघालेली नवी नवरी, काखोटीला डुकराचं पिल्लू मारलेला एक दांडगा गडी. संध्याकाळपर्यंत लोक येतच होते. एक जण पाठीवर वेताची टोपली बांधून आला, आणि टोपलीत त्याची म्हातारी आई. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. खालच्या शहरात ऑपरेशन करायचं म्हणून तिला घेऊन तो दिवसभर डोंगर उतरला, चढला, पुन्हा उतरला.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्या सगळ्यांपुढे उभी राहिले आणि माझ्या वाकड्या हिंदीत खरं ते सांगितलं. हेलिकॉप्टर नाही. मी भातासाठी जमीन भाजत होते. मला माफ करा. टोपलीतल्या म्हातारीने लेकाला विचारलं, काय म्हणते ही? त्याने समजावलं. म्हातारी खदाखदा हसायला लागली. तिच्या बोलण्याचा अर्थ यामेने मला सांगितला: "म्हणजे आपण राखेला भेटायला आलो!" आणि मग सगळेच हसले. मी रडत होते आणि हसतही होते.

जवानांनी वायरलेसवरून कळवलं, इतकी माणसं खोळंबली आहेत, आजारी बाई आहे. उत्तर आलं, आभाळ मोकळं झालं की हेलिकॉप्टर पाठवतो. पण ढग खाली उतरून बसलेले. परत जावं तर हेलिकॉप्टर चुकेल, म्हणून सगळे थांबले. गावबुढ्याने घरातलं धान्य काढलं आणि सगळ्यांना जेवू घातलं. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेतलं आणि एकटीच खाचराचा बांध घालायला गेले, नुसतं बसवत नव्हतं म्हणून. थोड्या वेळाने तो पिल्लूवाला गडी आला. पिल्लू झाडाला बांधलं आणि माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. मग दुसरा आला. मग बाया नदीतले दगड आणायला लागल्या. दगड रचण्यात या लोकांचा हात कोण धरेल! नवी नवरीसुद्धा कपडे वर खोचून चिखलात. बाबा, मी एकटीने तीन वर्षांत केलं नसतं ते काम ढग हटेपर्यंत झालं. हेलिकॉप्टरचं मैदान सोडून नदीकाठची सगळी सपाटी खाचरांनी भरली!

मला आपली सावड आठवली. मी सांगितलं, आमच्या मुलखात याला सावड म्हणतात. आज तुम्ही माझ्या बांधावर, उद्या मी तुमच्या. त्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातही हीच रीत आहे, फक्त शब्द निराळा.

मग एका सकाळी लख्ख ऊन पडलं आणि हेलिकॉप्टर आलं! म्हातारी त्यात बसून गेली. त्याआधी लेकाला म्हणाली, मला त्या बांधाकडे ने. वाकून दोन्ही हातांनी दगड चाचपले आणि खूश झाली.

राबाची राख काळीभोर पडली आहे. आता फक्त पाऊस यायचा आहे.

राही

*

डोळखांब, ४ मे २०२५

राही,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ओटीवर बसलो होतो. वाचताना इतका हसलो की शेजारची बाईजा कामधाम टाकून बघायला आली. "बारकूदादा, बरं नाय वाटत काय?" तिला सगळं वाचून दाखवलं. तिने पाड्यात सांगितलं. आता किन्हवलीच्या बाजारातही लोक मला विचारतात, "काय, तुमच्या राहीनं पुन्हा काय पेटवलं?" आजोबांच्या राबाने हेलिकॉप्टर बोलावलं, हे त्यांना कळायला हवं होतं.

पण हसून झाल्यावर दोन गोष्टी लिहितो. एक, त्या गावबुढ्याचं धान्य तुझ्या पायी संपलं हे विसरू नको. दुसरी मला लिहायला जड जाते.

आपली सगळी खाचरं पिकली असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. खालची दोन मोठी खाचरं गेल्या साली पडीक राहिली, यंदाही राहतील. मी एकटा किती लावणार? पाड्यातली तरणी पोरं गोदामाच्या गाडीत बसून जातात आणि अंधार पडल्यावर येतात. त्यांचं चुकलं असं नाही, हातात पगार येतो. पण सावड मेली. पूर्वी नुसती हाक मारली की बांधावर माणसं उभी राहायची. तिकडे तुझ्या एका चुकीच्या धुरावर डोंगरापलीकडची माणसं आली. इथे मला पेटवतील तेव्हाच काय ती माणसं जमतील.

तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलं नाही. कोणाला तरी सांगायचं होतं.

रोपं जास्त वाढू देऊ नको, वेळेवर लाव.

बारकू

*

मिरुबोंग, १२ ऑक्टोबर २०२५

बाबा,

भात उभा आहे!

बांधावर उभी राहून लिहितेय, म्हणून अक्षर हलतंय. लोंब्या इतक्या भरल्यात की वाकून एकमेकींच्या अंगावर पडल्यात. राबातली रोपं लावली आणि गवताने तोंडच दाखवलं नाही. गावबुढा रोज सकाळी येऊन बघून जातो. काल त्याने एक लोंबी तोडली, दाणे चावून बघितले आणि मला म्हणाला, "आता माझी मिथुनं कुठे चरवायची?" आणि एवढा हसला! वर्षभरात तो माझ्याशी इतकं बोलला नव्हता. ती म्हातारी ऑपरेशन होऊन आली. एका डोळ्याने चांगलं दिसतं. दिसायला लागल्यावर आधी मला बघून म्हणाली, धूर केवढा आणि पोरगी केवढीशी!

संस्थेची माणसं बघून गेली. केंद्र चालू राहणार. आणि बाबा, आता खरी बातमी. मी घरी येतेय! हरून नाही, जिंकून. मेमधलं तुमचं पत्र आलं तेव्हापासून मला झोप गोड लागली नाही. मी इथं दुसऱ्यांची खाचरं बांधतेय आणि आपली पडीक. संस्थेला मी सांगितलं, माझ्या जागी दुसरं माणूस पाठवा. ते तयार आहेत. कापणी आटपली की निघते. पुढच्या पावसात खालच्या दोन्ही खाचरांत तुम्ही आणि मी. जेवताना तर इतकं बोलेन की तुम्हीच म्हणाल, गप बस गो आता.

एक अडचण होती, तीही मी सोडवली आहे. त्या वेळी बांध घालायला आलेल्यांपैकी बऱ्याच घरांना आता आपापल्या गावात अशी खाचरं करायची आहेत. ते विचारत आले, आमची पाळी कधी? मी सांगितलं, माझ्या जागी नवीन माणूस येईल, तो करेल. ते काही बोलले नाहीत. चहा प्यायले आणि गेले.

तयारीला लागा. मांजराला परत बोलवा.

राही

*

डोळखांब, १४ नोव्हेंबर २०२५

राही,

भात आला हे वाचलं आणि पत्र तसंच हातात धरून शेतात जाऊन आलो. का गेलो ते माहीत नाही, घरात मावेना एवढं खरं. बाईजाच्या घरी पेढे दिले.

तू येणार हे वाचलं तेव्हा तर मी किशोरला रात्री झोपेतून उठवला. त्याला म्हटलं, घराला रंग काढायचा. तो म्हणाला, "काका, सकाळी काढू, आता निजा." मी निजलो नाही. तुझं पत्र पुन्हा वाचत बसलो आणि शेवटापर्यंत आलो.

राही, ते लोक चहा पिऊन गप्प गेले म्हणतेस. का गप्प गेले हे तुला कळलं नाही? परक्या बाईला तोंडावर काय बोलायचं, म्हणून गेले. सावड नोकरी नव्हे, की माझ्या जागी दुसरा येईल. ज्याच्या बांधावर माणसं राबली त्याच घराने ती फेडायची. तुझी आई तू पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत दुसऱ्यांच्या लावणीला गेली, कारण आपल्याकडे ते लोक येऊन गेले होते. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "मंग उद्या कुणाच्या तोंडाकडं बघाचं?"

म्हणून सांगतो, आणि हे लिहिताना माझा हात मागे ओढतोय हेही सांगतो. तू येऊ नको. जितकी घरं तुझ्या बांधावर आली तितक्या घरांच्या बांधावर जा. आधी त्यांच्याकडे जाऊन सांग की मी चुकले, मी येते. फेडल्याशिवाय आलीस तर मी तुला घरात घेईन, बाप आहे, पण तुझ्याशी बोलणार नाही, आणि तसं तुझं येणं मला नको.

आता पुढचं ऐक. माझी कापणी, झोडणी झाली. भात कणगीत पडला. पावसाळ्यापर्यंत मला इथं काम नाही, नुसता ओटीवर बसणार. आणि सावडीची रीत अशी आहे, घरातलं कुठलंही माणूस गेलं तरी चालतं. बाहेरचं चालत नाही, घरातलं चालतं. तुझ्या घरात माणूस किती, तर मी एक. एका घरची दोन माणसं गेली की फेड लवकर होते, हा हिशोब लहान पोरालाही कळतो. तेव्हा मी येतो.

किशोर म्हणतो विमानाने जा, मी तिकीट काढतो. पण विमानात फावडं आणि विळा बरोबर घेऊन बसू देत नाहीत म्हणे. फावडं तिकडचं चालेल. विळा मात्र मला माझाच लागतो, दुसऱ्याचा हाताला बसत नाही. म्हणून रेल्वेने येतोय, विळा गोणपाटात बांधून. पुढे बस, जीप आणि चालत. चालण्याचं तू मला सांगू नको.

किशोर कल्याणपर्यंत सोडायला येणार आहे. हे पत्र माझ्या आधी पोचलं तर यामेबाईंना सांग, राहीचा बाप येतोय, जेवणात मीठ बेताचं चालतं.

बारकू